आधी पाय, मग मोटर

पोरी,

तुझ्या खेळण्यातल्या लाकडी बैलाची मोटर जळाली म्हणून तू दोनशे आरपीएमची, म्हणजे मिनिटाला दोनशे फेरे घेणारी आणलीस. बैल आता आणखी जोरात तोंडावर पडतो, आणि तू विचारतेस, खुराखाली चाकं लपवू का? नको! चाकांचे लाकडी बैल नागपुरात भोसल्यांच्या काळापासून पोरं तान्ह्या पोळ्याला ओढत आलीत. तू चालणारा बैल करायला बसली आहेस.

मोटर काढून ठेव. हाताने दांडा फिरवून जो बैल चालत नाही, त्याला कुठलीच मोटर चालवणार नाही. टॅड मॅकगियर नावाच्या अभियंत्याने 1990 साली दोन पायांचं यंत्र उतारावरून मोटरशिवाय चालवून दाखवलं. पायांची लांबी, वजन आणि तळव्यांची गोलाई जुळली होती, बस्स.

तुझा बैल काहून पडतो? तू पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलतेस. खरं जनावर सावकाश चालतं तेव्हा मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे पाय टाकतं. एका वेळी एकच पाय उचल. उरलेल्या तीन खुरांच्या त्रिकोणात वजनाचा मध्य राहू दे. साध्या क्रँकने, म्हणजे फिरणाऱ्या वाकड्या दांड्याने, पाय जवळपास अर्धा फेरा हवेत राहतो आणि दोन पाय एकदम वर जातात, म्हणून कॅम कर, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती. पाव फेऱ्यात पाय उचलून पुढे टाकायचा, पाऊण फेरा तो जमिनीवर मागे रेटत राहील. चारही कॅम पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे बसव. मुंडकं आतून पोकळ कर, सेल पोटाखाली घे आणि झाकणाला स्क्रू लाव. लहान पोरं सेल तोंडात घालतात.

किती वेळा सांगू, आधी पाय! अडलेली मोटर करंट खेचते, तापते, जळते. दोष तिचा नव्हता गं.

एका व्यापाऱ्याने माझ्या चालत्या हत्तीला चाकं लावून मागितली होती. मोठी ऑर्डर होती, मी नाही म्हटलं. त्या दिवाळीला घरात ओढाताण झाली, तुझी काकू एक शब्द बोलली नाही, आणि ते मला अजून टोचतं. पण हत्ती चालत होता! चालणाऱ्याला चाकं कशाला? आजही लावणार नाही, म्हणू दे लोकांना हट्टी.

तुझं काम माझ्यापेक्षा सफाईचं आहे, म्हणूनच चिडतो. रविवारी ये. कॅम आधी पुठ्ठ्याचे कापून आण, लाकूड नंतर खराब करू. बैल चालला की तीस आरपीएमची मोटर आपण मिळून लावू.

तुझा काका