वाचकांचे प्रश्न : कनिष्ठ लिपिकाची वीस गुणांची मुलाखत

न्यायालयीन भरतीतील मुलाखतीविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तर देणाऱ्याची सगळी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवर, कनिष्ठ लिपिकापासून अधीक्षकापर्यंत झाली असल्यामुळे उत्तरांना दप्तराचा थोडा वास येईल, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून एका खाजगी पेढीत हिशेबाचे काम करतो. जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिक पदाची चाळणी परीक्षा आणि दोन्ही टंकलेखन चाचण्या उत्तीर्ण झालो आहे. मित्र म्हणतात की कारकुनी पदांच्या मुलाखती सरकारने केव्हाच बंद केल्या. मग ही मुलाखत कसली? आणि वीस गुणांसाठी सामान्य ज्ञानाची कोणती पुस्तके वाचावीत? — एक वाचक, बार्शी

उत्तर : मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद केल्या, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या लिपिक-टंकलेखक पदालाही लेखी परीक्षा आणि टंकलेखन एवढेच टप्पे आहेत. जिल्हा न्यायालयांची भरती मात्र उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली, त्याच्या स्वतःच्या योजनेप्रमाणे होते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्व जिल्ह्यांसाठी जी एकत्रित जाहिरात काढली, तिच्यात कनिष्ठ लिपिकासाठी चाळणी परीक्षेला ४०, मराठी टंकलेखनाला २०, इंग्रजी टंकलेखनाला २० आणि मुलाखतीला २० अशी गुणांची विभागणी होती. ऐंशी गुणांचा निकाल लागून गेलेला असतो, त्यामुळे अर्ध्या-एका गुणाने मागेपुढे असलेल्या उमेदवारांसाठी हे वीस गुण लहान नाहीत.

पुस्तकांबाबत माझे मत थोडे कडवट वाटेल. राजधान्या आणि पारितोषिके पाठ आहेत की नाहीत हे चाळणी परीक्षेत पाहून झाले आहे. आता समोर बसलेले न्यायिक अधिकारी आपल्या कचेरीत रोज दिसणार असलेला माणूस निवडत असतात, आणि त्यांच्या मनात एकच हिशेब असतो : या मुलाच्या हातात कागद दिला तर तो नीट राहील का?

हे एका उदाहरणाने सांगतो. निकालाची नक्कल मागायला पक्षकार नक्कल विभागात येतो. लिपिक त्याचा अर्ज घेतो, नोंदवहीत घेतो, नक्कल तयार करवतो आणि शेवटी नकलेच्या तळाशी अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली याच्या तारखा घालतो. बाहेरच्या माणसाला हे शिक्क्याखालचे बारीक अक्षर वाटते. परंतु १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, आणि तो किती हे वरच्या न्यायालयात याच तारखांवरून मोजतात. लिपिकाने एक तारीख चुकवली तर एखाद्याचे अपील मुदतीत असूनही मुदतबाह्य दिसू शकते. कामाविषयी विचारले असता "फायली सांभाळणे" असे उत्तर देणारे शेकड्याने येतात. या तळाच्या तारखांविषयी दोन वाक्ये बोलणारा उमेदवार मात्र समितीला मान वर करायला लावतो.

अशा गोष्टी पुस्तकात शोधण्यापेक्षा एक दिवस रजा घेऊन आपल्या तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बसा. न्यायालय खुले असते. मागच्या बाकावर शांत बसणाऱ्याला सहसा कोणी उठवत नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, कसे पुकारले जाते, पुकाऱ्यानंतर लिपिक कोणता कागद वर ठेवतो, रोजनाम्यात त्या दिवशी काय घडले ते किती थोडक्यात उतरते, हे पाहा. प्रकरणात दाखल होणाऱ्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांत 'निशाणी पाच' म्हटले की तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला एखादी गोष्ट करण्यापासून रोखण्याचा अर्ज, हे वकिलाच्या कारकुनालाही झोपेत सांगता येते. दाखल करून घेण्याच्या खिडकीशी पाच मिनिटे उभे राहिलात तर कोर्ट फीच्या मुद्रांकाला छिद्र पाडून तो रद्द करताना दिसेल. तसे का करतात, तर तोच मुद्रांक दुसऱ्या कागदावर पुन्हा चिकटू नये म्हणून. घरी आल्यावर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एखादे प्रकरण सोळा अक्षरांकांच्या सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, उघडून बघा. पुण्याच्या प्रकरणाचा क्रमांक 'एमएचपीयू' या अक्षरांनी का सुरू होतो हे न सांगताच कळेल.

कायद्यातील कलमे घोकण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले, एवढे मात्र नावानिशी सांगता आले पाहिजे. तुमचा जिल्हा सोलापूर आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून त्यात सोलापूरसह सहा जिल्हे येतात. उरलेले पाच कोणते, हे स्वतः शोधून काढा.

सर्वांत अधिक प्रश्न ज्यावर येतात तो कागद म्हणजे तुमचा स्वतःचा अर्ज. माझ्या मुलाखतीची गोष्ट सांगतो. न्यायाधीशांनी काहीही न विचारता माझाच अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि "यात एक चूक आहे, बघा" एवढेच म्हणाले. मी नाव पाहिले, गाव पाहिले, जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून पाहिली, सगळे बरोबर. तिसऱ्या वाचनात सापडले : वय जाहिरातीच्या दिनांकाला मोजायचे होते आणि मी अर्ज भरला त्या दिवसाचे लिहिले होते, त्यामुळे एक महिना जास्त लागला होता. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली, कागद परत घेतला आणि टंकलेखनाच्या गतीविषयी एक साधा प्रश्न विचारून मला जाऊ दिले. बाहेर आल्यावर नोकरी गेली असे वाटून मी बस स्थानकावर चहासुद्धा घेतला नाही. यादीत नाव खालच्या अंगाला आले, पण आले. तुम्ही भरलेल्या अर्जाची प्रत काढा आणि जाहिरातीच्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. "एवढे शिकून कारकून का व्हायचे?" हा प्रश्न येणारच असे सगळे सांगतात. पदवी लपवावी का? "जनसेवेची आवड आहे" असे उत्तर तयार ठेवले आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : पदवी मुळीच लपवू नका. अर्जात मागितलेली माहिती दडवणे हेच पुढे सेवेतून काढून टाकण्याचे कारण ठरू शकते.

जनसेवेचे उत्तर मात्र टाकून द्या. समितीने सकाळपासून ते वीस वेळा ऐकलेले असते आणि एकविसाव्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते पाहून तुमचेच पुढचे वाक्य अडखळेल. खरे कारण सांगण्यात कमीपणा नाही. पगाराची शाश्वती हवी आहे, आईवडिलांच्या जवळ राहायचे आहे, खाजगी नोकरीत दोनदा कपात अनुभवली, यांतले जे तुमच्या बाबतीत खरे असेल ते एका वाक्यात सांगा आणि थांबा. पुढचा प्रश्न बहुधा "राज्यसेवेची तयारी करता का?" असा येतो. करत असाल तर हो म्हणा. यादीतील निम्मी मुले करतात हे समोरच्यांना ठाऊक असते. त्यांना हवे असते ते एवढेच, की इथे आहात तोवर टेबलावरचे काम तुंबणार नाही. पदाची वेतनश्रेणी एस-६, म्हणजे १९,९०० ते ६३,२०० रुपये अधिक भत्ते अशी आहे. "मूळ वेतन किती?" या प्रश्नाला गप्प बसणारा अभियंता मी पाहिला आहे, आणि मग त्याच्या निर्णयामागे विचार आहे यावर कोण विश्वास ठेवणार?

आणखी एक सूचना. "मी आलो की सगळे संगणकीकृत करून टाकीन" असे उत्साहाने बोलू नका. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ पासून चालू आहे, आणि ज्यांच्यासमोर तुम्ही हे बोलाल त्यांच्या कचेरीत प्रकरणांची नोंद रोज संगणकावरच होते. संगणकाचे ज्ञान सांगायचेच असेल तर मराठी युनिकोडमध्ये टंकलेखन करता येते का, रेमिंग्टन या जुन्या कळरचनेची सवय असताना इनस्क्रिप्ट या संगणकाच्या कळरचनेवर हात बसला आहे का, हे सांगा. कचेरीला आज त्याची गरज अधिक आहे.

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांनी "मुलाखतीचे गुण करून देतो" म्हणून वडिलांकडे चार लाख रुपये मागितले आहेत. वडील शेत गहाण ठेवण्याच्या विचारात आहेत. काय करावे? — एक वाचक, परभणी

उत्तर : पैसे देऊ नका. असे गृहस्थ दहा जणांकडून रक्कम घेतात, त्यांतील दोघे आपल्या गुणांवर निवडले जातात, त्यांचे पैसे हे ठेवून घेतात आणि उरलेल्यांना "या वेळी जमले नाही" म्हणून टोलवत राहतात. त्यांच्या खिशातून काही जात नाही, शेत तुमचे जाते. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक वडिलांना दाखवा. तो दिसला की त्या गृहस्थांचे येणे बहुधा आपोआप थांबते. थांबले नाही तर तक्रार करा.

प्रश्न : माझी बोली गावाकडची आहे आणि घाबरलो की मी अडखळतो. इंग्रजीत प्रश्न आले तर? कपडे कोणते घालावेत? — एक वाचक, लोहा, जि. नांदेड

उत्तर : महाराष्ट्रातील अधीनस्थ न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि तुमच्या खिडकीवर येणारा पक्षकार तुमच्यासारखेच बोलणार आहे. बोलीचा संकोच करू नका. फक्त वाक्य पूर्ण करा. अडखळण्याविषयी सुरुवातीलाच "मला बोलायला थोडा वेळ लागतो" असे सांगितलेत तर समिती थांबते, असा माझा अनुभव आहे. प्रश्न इंग्रजीत आला तर समजला का ते आधी मनाशी ठरवा. समजला असेल आणि उत्तर इंग्रजीत येत नसेल तर मराठीत सांगण्याची परवानगी मागा. मात्र इंग्रजी टंकलेखन तुम्ही उत्तीर्ण झालेले आहात, तेव्हा इंग्रजी अर्जाचा एक परिच्छेद मोठ्याने वाचून त्याचा मथितार्थ मराठीत सांगण्याचा सराव रोज दहा मिनिटे ठेवा. कपड्यांचे म्हणाल तर स्वच्छ आणि इस्त्रीचे, एवढे पुरे. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. लग्नानंतर पाच वर्षे घरीच होते, त्याविषयी काय सांगावे? गुणपत्रिकांवर माहेरचे आडनाव आहे, आधार कार्डावर सासरचे. आम्हाला दोन मुले आहेत. — एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : पाच वर्षांचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. "मुले लहान होती, आता धाकटा शाळेत जातो, गेले वर्षभर टंकलेखनाचा सराव करते आहे" एवढ्यात ते संपते. त्याहून लांब उत्तर दिले की उगीच अपराधी वाटते.

आडनावाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण मुलाखतीआधीची कागदपत्रांची पडताळणी अनेकदा इथेच अडते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मूळ प्रतीसह जवळ ठेवा. नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध केला असेल तर त्याची प्रतही ठेवा. अर्जात जे नाव लिहिले असेल तेच हजेरीपत्रकावर, त्याच क्रमाने लिहा. २००५ च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमांची अट २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या आणि दोनहून अधिक होणाऱ्या अपत्यांसाठी आहे, त्यामुळे दोन मुलांमुळे तुम्हाला अडचण नाही. प्रतिज्ञापन मात्र ठरलेल्या नमुन्यातच द्यावे लागेल. आरक्षित प्रवर्गातून अर्ज केला असेल तर जातीचा दाखला बहुधा माहेरच्या नावाने असेल, आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची वैधता जाहिरातीत दिलेल्या दिनांकाला चालू असली पाहिजे. चारित्र्याच्या प्रमाणपत्रांवर सही करणारी व्यक्ती नात्यातील नसावी. दीर-नणंदेची सही आणणारे उमेदवार आम्हाला दर भरतीत भेटत असत.

मूळ कागद एका पिशवीत आणि स्वसाक्षांकित प्रती दुसऱ्या पिशवीत, दोन्ही जाहिरातीतील क्रमाने लावा. प्रतींवर आदल्या रात्रीच सह्या करून ठेवा, आणि सही अर्जावर केली होती तशीच करा.