सॉसची वेगळी वाटी

पत्र: मी नाशिकची, सहा वर्षं अमेरिकेत, सान होजेत. नवरा व्हिएतनामी, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेला. महिन्यापूर्वी त्याला हेपेटायटिस बी, म्हणजे लिव्हरचा विषाणूचा आजार, निघाला. सासरे लिव्हरच्या कॅन्सरने गेले होते. डॉक्टर म्हणतात, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. दीर म्हणतात, मला काही त्रास नाही. सासूबाई तर हट्टालाच पेटल्यात, आर्टिचोकचा चहा उकळून सगळ्यांना पाजतात. मी नवऱ्याची सॉसची वाटी वेगळी केली, तेव्हापासून त्या आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाहीत. माझं काय चुकलं?

अगं, वाटीच चुकली. आधी ती उचल आणि पहिल्यासारखी सगळ्यांच्या मधे एकच ठेव. हा आजार एका वाटीत बुडवून खाल्ल्याने लागत नाही, मिठी मारल्यानेही नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. वेगळं करायचंच असेल तर रेझर, टूथब्रश आणि नेलकटर कर. कुणाचं ताट वेगळं मांडलं की त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या माणसांना तरी सांगायला नको.

सासूबाई मला हट्टी वाटत नाहीत, घाबरलेल्या वाटतात. व्हिएतनाममध्ये बाळांना ही लस सरसकट मिळू लागली ती 2000 नंतर. तुझ्या नवऱ्याच्या पिढीला ती मिळालीच नाही. जन्मताना लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो; धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर शंभरात पाचांतही नाही. डॉक्टरांचं बोलणं ऐकून त्या बाईने मनात हिशेब मांडला असणार: म्हणजे माझ्याकडूनच गेला. तपासणी टाळली की तो हिशेब निदान कागदावर तरी येत नाही. खरं तर लहानपणी इतर कुठूनही लागण झालेली असू शकते, आणि त्या काळी कुठल्या आईला हे कळणार होतं?

म्हणून "तुम्ही तपासून घ्या" हे वाक्यच सोडून दे. "मला तपासायचंय, सोबत याल का?" असं विचार. यात खोटं काही नाही, सगळ्यात आधी तपासणी तुझीच व्हायला हवी. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2023 पासून अठराच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करायला सांगितलंय, तेव्हा बोट कुणाकडेच जात नाही. एकदाच रक्त देऊन तीन चाचण्या होतात: आत्ता आजार आहे का, पूर्वी कधी होऊन गेला का, संरक्षण आहे का. तुझ्यात काहीच निघालं नाही तर लस घे, तिचे डोस संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती लागू पडली का ते तपास, आणि तोवर कंडोम.

तिथे नवऱ्याला दुभाषा करू नकोस. आईच्या रक्ताचा निकाल मुलाने आईला समजावून सांगायचा, ही शिक्षा दोघांनाही नको. व्हिएतनामबाहेर सर्वाधिक व्हिएतनामी माणसं ज्या शहरात राहतात तिथे तू आहेस, त्यांची भाषा बोलणारा डॉक्टर सहज मिळेल.

चहाशी भांडू नकोस. आपल्याकडे कावीळ झाली की उसाचा रस आणि गळ्यात माळ असतेच की! फक्त चहाने लिव्हरची सोनोग्राफी टळता कामा नये. वडिलांना कॅन्सर होऊन गेलाय, तेव्हा नवऱ्याची दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. गोळ्या लगेच लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील.

जाता जाता, व्हिएतनामीत यकृताला 'गान' म्हणतात आणि धीट माणसाचं 'गान मोठं' असतं. आपणही वाघाचं काळीज म्हणतोच, आणि खाटकाकडे कलेजी मागितली की हातात यकृतच पडतं. जेवताना हे सासूबाईंना सांगून बघ, हसतील.

दीरांना मात्र तू फोन करू नकोस, नवऱ्याला करू दे. "त्रास नाही" याला काही अर्थ नाही, कारण लिव्हर बराच बिघडेपर्यंत तक्रारच करत नाही. सासऱ्यांना तरी त्रास कधी सुरू झाला होता, एवढंच त्याने भावाला विचारावं.