वांग, ट्यूब आणि सुई : वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

लग्नसराई आणि ऊन एकत्र आले की चेहऱ्याच्या तक्रारींची पत्रं वाढतात. यावेळी एका नर्सताईंचं पत्रही आहे. त्यांचा प्रश्न अनेक तालुक्यांतल्या मुलींच्या मनात असल्यामुळे उत्तर लांबलं आहे.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे. अनेक वर्षं खासगी दवाखान्यात काम केलं. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःचं स्किन आणि वेलनेस क्लिनिक चालवतात, सुरकुत्यांवरचं बोटॉक्स आणि चेहऱ्याला भराव देणारं फिलर यांची इंजेक्शनंही देतात, असं ऐकलं. तालुक्याला गाळा घेऊन मला असं करता येईल का? मशीन कोणती घेऊ? (एक वाचक, आर्वी तालुका)

ताई, तिथल्यासारखं जसंच्या तसं नाही. अमेरिकेतली नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्सिंगची पदवी, त्यावर किमान पदव्युत्तर शिक्षण आणि वेगळा परवाना. काही राज्यांत ती स्वतंत्रपणे तपासते आणि औषध लिहिते, काही राज्यांत डॉक्टरशी लेखी करार लागतो. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आहेत, पण ते अतिदक्षता आणि प्रसूतिसेवेसाठी. सौंदर्योपचाराकडे जाणारी वाट त्यातून निघत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर निदान करून प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करणं १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. महिन्यातून एकदा येऊन कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून जाणारा डॉक्टर मिळतो, आणि तो फार गोड बोलतो. त्याच्या नादी लागू नका. अडचण आली की समोर तुम्ही असता.

मग काय करता येईल? त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन ठरलेल्या वारी खरोखर बसतील, तपासतील, लिहितील आणि सुई स्वतः धरतील अशी मांडणी. बाकीचं काम नर्सचं, आणि क्लिनिक तगतं ते त्याच कामावर. आधीची सगळी औषधं विचारायची, मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबसुद्धा पिशवीतून बाहेर काढायला लावायच्या. गरोदरपण, स्तनपान, ओठांवर वारंवार उठणारे तापाचे फोड, जखमेचा व्रण वाढून गाठ होण्याची सवय, हे नोंदवायचं. त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून समोरचा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. संमतिपत्र मराठीत आणि वाचून दाखवलेलं हवं. तिसऱ्या दिवशी फोन करायचा.

मशीन आत्ता एकही घेऊ नका. आधी फ्रीज. बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे बोटॉक्ससारख्या औषधाची, कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाईन गेली की घरगुती फ्रीज तासाभरात घाम गाळतो. कुपी दारात न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवा. कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर लावा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहा. लसीकरणात हे तुम्ही केलंच असेल. लाईन गेल्यावर दार उघडून बघत बसू नका. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिली सलाईन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची नेहमीची मात्रा २० युनिट. दुसऱ्या ब्रँडचं युनिट बोटॉक्सच्या युनिटाइतकं नसतं, म्हणून आकडा डोक्याने बदलायचा नाही. एकदा विरघळवलेली बोटॉक्सची कुपी २४ तासांत संपवायची असं लेबलावर आहे. उरलेलं पुढच्या आठवड्याच्या बाईंसाठी जपून ठेवण्याची पद्धत दिसते. त्यातूनच ‘इंजेक्शनचा गुणच आला नाही’ ही तक्रार निघते, आणि जंतुसंसर्ग झाला तर तो वेगळाच. परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसतो आणि पंधरा दिवसांत पूर्ण होतो. म्हणून आठव्या दिवशी ‘अजून थोडं द्या’ म्हणणाऱ्यांना थांबवायचं. तीन-चार महिन्यांनी तो ओसरतो.

फिलर मात्र सुरुवातीची दोन वर्षं क्लिनिकात आणूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. हायलुरॉनिक फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी पडते, जाळीसारखे जांभळे पट्टे उठतात, दुखतं. काही वेळा दुखत नाही, ते जास्त फसवं. त्यावर फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज लगेच आणि भरपूर मात्रेत द्यावं लागतं. डोळ्याच्या वाहिनीत गेलं तर दृष्टी जाते आणि वेळ मिनिटांत मोजावा लागतो. आर्वीहून सेवाग्राम किंवा नागपूर गाठेपर्यंत तो हातातून गेलेला असतो. हायलुरोनिडेजच्या कुपी आणि त्या वापरू शकणारा डॉक्टर, दोन्ही त्याच खोलीत नसतील तर फिलर नाही.

औषधाची जीवघेणी ॲलर्जी उठली तर लागणारे ॲड्रेनलीन १:१००० चे अँप्युल समोरच्या ट्रेमध्येच ठेवा. मोठ्या माणसाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. कपाटाची किल्ली शोधण्यात वेळ जायला नको. सुन्न करणारं क्रीम दोन्ही पायांना थापून वर प्लास्टिक गुंडाळू नका. त्यातलं लिडोकेन अंगात मुरून झटके येतात, हृदयाची लय बिघडते.

कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम तुमच्या छोट्या गाळ्यालाही लागू आहेत. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, काचेची कुपी निळ्या खुणेच्या खोक्यात. कचरा न्यायला गाडी पाठवणाऱ्या सामाईक केंद्राशी करार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी गाळ्याच्या रंगरंगोटीआधी मिळवा.

दोन्ही गालांवर वांग आहे. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने महिनाभर चेहरा उजळला. आता लावली नाही की आग होते, लाल होतो, बारीक पुरळ आणि लवही आली. पऱ्हाटीत निंदायला जावंच लागतं. काय लावू? (मोर्शी)

ट्यूबवरचं बारीक अक्षर भिंगाने वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन दिसेल. स्टेरॉइड चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि रंगही दाबतं, म्हणून महिनाभर ‘उजळ’ वाटतं. पुढे कातडी पातळ होते आणि वाहिन्या त्या दाबाच्या सवयीच्या होतात. ट्यूब बंद केली की त्या एकदम फुलतात, आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा ट्यूब लावतो. ‘अजून एकच ट्यूब’ म्हणत काहींची दोन-तीन वर्षं निघतात. २०१८ पासून अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. दुकानात ती तरीही मिळतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

एकदम बंद केलं तर पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. म्हणून यवतमाळ, अकोला, नागपूर किंवा सेवाग्रामच्या त्वचा विभागात ट्यूबसकट जा. तिथे सौम्य मलमावर आणून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं उतरवतात. तोवर साबण नाही, लिंबू नाही, मुलतानी मातीही नाही. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीनदा लावा. आग फार झाली तर थंड पाण्याची ओली घडी दहा मिनिटं ठेवा. वांगावरचं तिहेरी मलम, म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि थोडं स्टेरॉइड, हे खरं औषध आहे. पण ते रात्री, फक्त डागावर, आठ आठवड्यांच्या आसपास आणि डॉक्टरच्या नजरेखाली लावायचं. गरोदरपणी नाही. मूल होऊ नये म्हणून गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी वांग गडद होतो.

सनस्क्रीनचा हिशेब कोणी नीट सांगत नाही. चेहरा आणि मान धरून दोन बोटांवर लांब रेघ ओढाल इतकं, अंदाजे दोन ग्रॅम, एका वेळी लागतं. दोन वेळा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब बारा-तेरा दिवसांत संपते. पऱ्हाटी निंदणाऱ्या घराला ते परवडत नाही, म्हणून लोक वाटाण्याएवढं लावतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. शेतात जाणाऱ्यांनी पैसा आधी कापडावर घालावा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा डोळ्यांखालपर्यंत आणि वर रुंद कडेची टोपी. ट्यूब फक्त उघड्या राहणाऱ्या गालाच्या वरच्या भागावर आणि नाकावर. वांगासाठी रंग असलेली, लोह ऑक्साइडची सनस्क्रीन घ्या, कारण साध्या उजेडानेही वांग वाढतो आणि बिनरंगाची ट्यूब तो अडवत नाही. फवारणीच्या दिवशीचा दुपट्टा दुसऱ्या दिवशी तोंडाला बांधू नका, वेगळा धुवा. २०१७ ची यवतमाळची विषबाधा इथे कोणी विसरलेलं नाही.

आणखी एक. लेबल नसलेली, डबीतली ‘गोरेपणाची’ क्रीम असेल तर पाऱ्याचा संशय घ्या. सौंदर्यप्रसाधनात चुकून येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग आहे, आणि या डब्यांत तो मुद्दाम घातलेला सापडतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींचा किडनीचा त्रास अशा क्रीमपर्यंत पोचल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर लघवीतली प्रथिनं तपासा. ती तपासणी स्वस्त आहे.

आमच्याकडे ‘शक्तीची’ आणि ‘गोरं करणारी’ सलाईन मिळते. मुलीच्या लग्नाआधी लावावी का? (चिखली)

नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. गोरं करणारी म्हणजे बहुधा ग्लुटाथायोन. रंगासाठी शिरेतून देण्याला त्याचा आधार नाही. फिलिपाइन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच किडनी, थायरॉइड आणि अंगभर कातडी सोलणारी रिॲक्शन यांबद्दल इशारा दिला होता. मुलगी खरोखर थकत असेल तर हिमोग्लोबिन बघा. बाईचं १२ च्या खाली असेल तर कारण शोधून गोळ्या सुरू करायच्या.

पंधरा वर्षांच्या मुलाची मान काळी, जाड झाली. वजरीने घासूनही जात नाही. (सिंदेवाही)

वजरी बाजूला ठेवा, घासून आणखी काळी होईल. मखमलीसारखी जाड मान, काखही तशीच, आणि वजन वाढलेलं असेल, तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये. म्हणजे हा मळ नाही. उपाशीपोटी साखर तपासा : १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ आणि वर पुन्हा तपासूनही आली तर मधुमेह. तुमच्या भागात एक खाच आहे. घरात सिकलसेल असेल तर एचबीए१सी चा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचा) आकडा खोटा निघतो. तेव्हा प्रयोगशाळेला ते आधी सांगा आणि उपाशीपोटीच्या साखरेवर भर द्या. वजन थोडं उतरलं तरी मान हळूहळू मोकळी होते, त्याला महिने लागतात. युरिया असलेलं क्रीम लावायला हरकत नाही. हेच चित्र बारीक, वजन घटणाऱ्या म्हाताऱ्या माणसात अचानक दिसलं तर मात्र पोटाच्या आतली तपासणी लगेच करून घ्या.

आईच्या हातावरचं जुनं गोंदण काढायचं आहे. बाजारात औषध लावून काढून देतो म्हणतात. (कुरखेडा)

ते औषध म्हणजे तेजाब. गोंदण जातं आणि जागी उंच, खाजणारा व्रण उरतो. कोळशाच्या काळ्या रंगाचं हाताने गोंदलेलं क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरच्या १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीवर बऱ्यापैकी फिकं होतं. सावळ्या कातडीला हीच तरंगलांबी जास्त सुरक्षित. दोन बैठकींच्या मध्ये सहा ते आठ आठवडे ठेवावे लागतात, आणि चार-पाच तरी धरून चला. पहिल्या बैठकीनंतर फोड आला तर फोडू नका. आईला खरंच काढायचं आहे का, की सुनेला, तेही विचारून घ्या.

२० मेला लग्न. पार्लरवाल्या ताई एप्रिलअखेरीस पील करून देतो म्हणतात. (दर्यापूर)

नको. पील म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलणं; त्यानंतर नवी कातडी उन्हाला नागडी असते आणि मे महिन्यात पत्रिका वाटत फिरणाऱ्या नवरीचे डाग हमखास गडद होतात. पील करायचंच तर नोव्हेंबर-डिसेंबरात, त्वचारोगतज्ज्ञांकडे, ग्लायकोलिक २० ते ३५ टक्क्यांपासून. तेही घड्याळ लावून, मिनिटभरापासून सुरुवात करून आणि वेळ संपताच सोड्याच्या द्रावणाने थांबवून. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगायचं. लग्नासाठी आत्ता मॉइश्चरायझर आणि दुपट्टा पुरे. कोणतंही नवीन क्रीम लग्नाच्या पंधरा दिवस आधीपासून लावू नका. हळदीसोबत लावायचं उटणंही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.