टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आला, मग गळ्यातली गाठ कॅन्सरची नाही असं समजायचं का?

नाही, तसं समजू नका. तुम्ही लिहिलंय की गाठ दुखत नाही, टीएसएच नॉर्मल आहे, म्हणून घरचे म्हणतात सोडून दे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा गाठींची सुईतपासणी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणं, हे माझं कामच आहे आणि ही दोन्ही कारणं मला सारखी ऐकायला मिळतात. टीएसएचवरून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम नीट चाललंय की नाही एवढंच कळतं. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. आणि कॅन्सरची गाठ सहसा दुखत नाही. अचानक ठणकायला लागलेली गाठ बऱ्याचदा आत रक्त साठलेली साधी गाठ निघते.

घाबरू मात्र नका. शंभर गाठींतल्या साधारण नव्वद साध्याच असतात.

काळजी कधी करायची? गाठ दगडासारखी टणक असेल, थोड्या आठवड्यांत वाढली असेल, मानेच्या बाजूला आणखी गाठी लागत असतील तर. सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर अजिबात थांबू नका. स्वरयंत्राची नस ग्रंथीला अगदी चिकटून जाते. घास अडकणं, आडवं पडल्यावर दम लागणं हेही त्यातलंच.

हा कॅन्सर बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. पण खरा मोठा धोका लहानपणी गळ्यावर झालेल्या किरणोत्सर्गाचा. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. पुढे त्या मुलांमध्ये हा कॅन्सर कितीतरी वाढला. दाताच्या एखाद्या एक्स-रेची त्याच्याशी तुलना नको. दुसरा धोका घराण्यातला: या कॅन्सरचा मेड्युलरी नावाचा प्रकार 'रेट' जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या येऊ शकतो. घरात कुणाला तो झाला असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

गाठ नसताना, नुसत्या धास्तीने मात्र गळ्याची सोनोग्राफी करू नका. दक्षिण कोरियात तसं सर्रास झालं. २०११ मध्ये तिथे थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं, मृत्यूंचं प्रमाण जिथल्या तिथे. म्हणजे ज्या बारक्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यापायी हजारो लोकांनी ऑपरेशन करून घेतलं.

तुम्हाला गाठ हाताला लागते आहे, तेव्हा तुमची गोष्ट वेगळी. ईएनटी सर्जनना दाखवा, सोनोग्राफी करा. त्यात गाठ संशयास्पद दिसली तर सुईतपासणी सांगतील. खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात, सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते. आम्ही एकच विनंती करतो: सुई आत असताना आवंढा गिळू नका, कारण गिळलं की ग्रंथी वर सरकते. साधी गाठ निघाली तरी फाइल टाकून देऊ नका. पुढची सोनोग्राफी कधी करायची ते तेव्हाच विचारून घ्या.