दहावीपर्यंत अनुदानित मराठी शाळेत शिकलेली मुलं कॉलेजात खासगी इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या मागे पडतात का?

विषयाच्या तयारीत नाही; अडचण भाषेची येते, तीही मुख्यतः अकरावी विज्ञानाचे पहिले काही महिने. खासगी शाळा राज्य मंडळाची असेल तर अभ्यासक्रम आणि दहावीची परीक्षा दोघांनाही तीच. मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. ‘त्वरण’ नीट समजलेलं मूल ‘अ‍ॅक्सिलरेशन’ आठवडाभरात उचलतं. संकल्पनाच कच्ची असेल तर नुसतं इंग्रजी कामाला येत नाही. शाळेत सेमी-इंग्रजी असेल तर घ्या, गणित-विज्ञानाच्या संज्ञा आधीच ओळखीच्या होतात. (नीट आणि जेईई मेनचा पेपर मराठीतही देता येतो, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही.) मात्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची पदं भरलेली आहेत ना, हे प्रवेशाआधी विचाराच. ती रिकामी असतील तर वरचं काहीच लागू पडत नाही.