सुरुवातीला दहाच मिनिटं

एक्झामेनला, म्हणजे देवासमोर बसून सरलेला दिवस आठवायच्या प्रार्थनेला, पहिल्याच आठवड्यात तासभर बसायचं मनावर घेऊ नकोस, बाबा. दहा मिनिटं पुरेत. वसईत आमच्याकडे रात्री रोझरी (माळेची प्रार्थना) झाली की मी तसाच ओट्यावर बसून राहतो, मोबाईल आत फळीवर.

संत इग्नेशियस लोयोलांनी 16व्या शतकात घालून दिलेली एक्झामेनची रीत सोपी आहे: आभार, प्रकाशाची याचना, सकाळपासूनचा दिवस आठवणं, क्षमा, उद्यासाठी कृपा. आभार मात्र नेमके हवेत. 'सगळ्यासाठी धन्यवाद' नको; 'कोळणीने दोन बांगडे वर टाकले', असं.

नवखे इथे अडखळतात:
- नुसती पापांची यादी करतात.
- डुलकी लागली की खंतावून सोडूनच देतात. (मीही एका उपवासकाळात सोडलं होतं.) झोप येत असेल तर जेवणाआधी बस.

लेक्तिओ दिविना (बायबलचा उतारा सावकाश वाचत करायची प्रार्थना) वगैरे सध्या राहू दे.