वाचकांचे प्रश्न : बोटीच्या इंजिनाला पेट्रोलचा पाइप कोणता?

प्रश्न : हिडकल जलाशयात मासेमारीसाठी आमची फायबरची बोट आहे. इंजिन १५ एचपी, टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेले. जुना पाइप कडक झाला म्हणून बेळगावातून पारदर्शक प्लास्टिकचा पाइप आणून जोडला. आता इंजिन चालू होते, हळू चालतेही, पण फुल रेस दिली की दोन-तीन मिनिटांत दम टाकते. कार्बोरेटर दोनदा साफ केला. पाइप कुठेही गळत नाही. मग बिघाड कुठे?
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : आधी बोट पाण्यात असताना एक तपासणी करा. इंजिन दम टाकू लागले की पाइपमधला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर, दोन-तीनदा दाबा. इंजिनाने लगेच रेस धरली, तर कार्बोरेटरला हात लावू नका. टाकीपासून इंजिनाच्या पेट्रोल पंपापर्यंतच कुठेतरी अडतंय. फुगा आपोआप चपटा होत असेल, तर अडथळा टाकीकडे आहे : झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे, नाहीतर आतली जाळी तुंबली आहे. फुगा मऊच राहतो, कितीही दाबला तरी घट्ट होत नाही, तर बहुधा पाइप हवा ओढतोय किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेला आहे.

‘कुठेही गळत नाही’ यावर विसंबू नका. इंजिन चालू असताना पंप टाकीतले पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे सैल सांध्यातून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि रेस वाढली की इंजिन उपाशी राहते. तुमच्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. असेच रेटत राहिलात तर पिस्टन जाम होईल.

पारदर्शक पाइप आजच काढा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या भागातल्या उसापासूनही ते बनते, पण साध्या पीव्हीसीला ते सोसत नाही. पाइपला मऊ ठेवणारे द्रव्य पेट्रोलमध्ये उतरते, वरून ऊन लागते आणि पाइप लाकडासारखा होऊन निपलवर, म्हणजे तो ज्या नळीच्या टोकावर चढवतात तिथे, सैल पडतो. इथेनॉल न चालणाऱ्या रबरी पाइपची तऱ्हा वेगळी. त्याचे आतले अस्तर फुगते, सुटते आणि पडद्यासारखे आडवे येते. बाहेरून पाइप नवा दिसतो, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

नवा घेताना पाइपवरची छपाई वाचा. ‘आयएसओ ७८४०’ किंवा ‘एसएई जे १५२७’ असेल तर तो बोटीसाठीच बनवलेला. जे १५२७ मध्ये ‘ए’ म्हणजे आगीत अडीच मिनिटे तग धरणारा, ‘बी’ला ती अट नाही. पुढचा ‘१’ म्हणजे भिंतीतून पेट्रोल कमी झिरपणारा. इंजिन बोटीच्या आत, झाकणाखाली असेल तर ‘ए १’च हवा. उघड्या बोटीवरच्या आउटबोर्डला ‘बी १’ चालतो. गोवा किंवा मालवणकडे बोटीचे सामान विकणाऱ्यांकडे विचारा. तोवर नड भागवायची तर मोटर पार्ट्सच्या दुकानातून ‘जे ३० आर ९’ छापलेला घ्या. त्याचे अस्तर इथेनॉलला टिकते.

माप आतले बघा, बाहेरचे नाही. दुकानात दोन सूत, अडीच सूत, तीन सूत असे मागतात, म्हणजे साधारण ६, ८ आणि ९.५ मिमी. तुमच्या ताकदीच्या इंजिनाला बहुधा दोन सुती लागतो, पण शेवटचा शब्द इंजिनावरच्या निपलचा आणि कंपनीच्या पुस्तिकेचा. बारीक पाइप ताणून बसवू नका : ८ च्या जागी ६ मिमी घातला तर पेट्रोलची वाट जवळजवळ निम्मी होते. जाड घेऊन क्लिपने आवळला, तर सुरकुतीतून हवा शिरते.

पाइप धारदार ब्लेडने काटकोनात कापा. निपलवर जात नसेल तर टोक गरम पाण्यात धरा. निपलवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. बाइंडिंग तार पाइप कापते, आरपार खाचांची ज्युबिली क्लिपही बारीक पाइपला चावते. सपाट पट्टीची, स्टेनलेस स्टीलची छोटी क्लिप घ्या. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे. इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वर उचलून बघा, पाइप कुठे ताणायला किंवा दुमडायला नको. मग बाण वर धरून फुगा घट्ट होईपर्यंत दाबा, दहा मिनिटे थांबा, प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा. टोकाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडीही, याच वेळी बदला, हवा तिथूनही शिरते.

प्रश्न : कृष्णाकाठी आमच्या नावेवर डिझेल इंजिन आहे, टाकी वरच्या बाजूला. हाच पाइप घ्यावा का?
— एक वाचक, रायबाग तालुका

उत्तर : डिझेलमध्ये असे इथेनॉल नसते, त्यामुळे चांगला नायट्राइल रबरचा डिझेल पाइप पुरतो, इंजिन झाकलेले असेल तर मात्र आगीला टिकणाराच घ्या. टाकी वर असल्याने तुमच्याकडे उलटा धोका : पाइप निसटला तर सगळे डिझेल नावेत. टाकीच्या तोंडाशीच कॉक बसवा आणि इंजिन बंद केले की तो बंद करा. पाइप सायलेन्सरपासून लांब न्या, रिटर्न पाइपही त्याच दर्जाचा घ्या. काम झाल्यावर फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा.

प्रश्न : गावाची पुरासाठीची आउटबोर्ड बोट वर्षभर पडून असते. पाइप कधी बदलायचा?
— एक वाचक, चिक्कोडी तालुका

उत्तर : वर्षांवर जाऊ नका, दरवर्षी मृगाआधी तपासा. पाइप दुमडून बघा : बारीक भेगा दिसल्या, बोटांना चिकट लागला किंवा फडक्याने पुसल्यावर फडक्याला पेट्रोलचा वास आला तर फुग्यासकट बदला. पूर ओसरला की पाइप टाकीपासून सोडवून रिकामा करा आणि सावलीत सैल वेटोळे करून ठेवा. टाकीतले जुने पेट्रोलही काढा, इथेनॉल हवेतला ओलावा धरते आणि पाणी तळाशी बसते. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर पाइप शोधायला वेळ नसतो, म्हणून कापलेला, क्लिपा लावलेला दुसरा पाइप बोटीतच ठेवा.